राणीमाशीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालचे आकडे मुख्यतः मेलिफेराचे, म्हणजे जगभर पेट्यांमध्ये पाळल्या जाणाऱ्या मधमाशीचे आहेत, कारण सर्वांत जास्त अभ्यास तिचाच झाला आहे. आपल्याकडच्या सातेरी, आग्या आणि फुलोरी या मधमाश्यांच्या राण्यांबद्दल शेवटाकडे एक वेगळा प्रश्न घेतला आहे.

राणी वसाहतीवर हुकूम चालवते का?

नाही. कुठल्या फुलांवर जायचे, पोळे कुठे वाढवायचे, नरांना कधी हाकलायचे, वसाहत कधी फोडायची (म्हणजे थवा करून नवीकडे कधी निघायचे), यातला एकही निर्णय राणी घेत नाही. ती अंडी घालते आणि तिच्या अंगाला एक विशिष्ट गंध असतो. बाकीचे सगळे कामकरी माश्या करतात, आणि राणीची ही दोन कामे नीट चालली आहेत का यावर नजरही त्याच ठेवतात.

राणीबद्दलचा कुठलाही प्रश्न घ्या, उत्तर शोधत गेलात की बहुतेक वेळा तिच्याजवळच्या दोन साठ्यांपैकी एकापाशी पोचता: नरांचे शुक्राणू साठवणारी पोटातली शुक्रपिशवी, नाहीतर अंगचा गंध. दोन्ही साठे भरलेले आहेत तोवर तिची बडदास्त असते. एक जरी आटू लागला तरी तिच्याच मुली तिच्या जागी दुसरी राणी वाढवायला घेतात.

ती मादी आहे हे माणसाला कधी कळले?

बरेच उशिरा. ॲरिस्टॉटल तिला राजा समजत होता आणि पुढे शतकानुशतके तेच चालले. १५८६ मध्ये स्पेनच्या लुईस मेंदेस दे तोर्रेसने ती अंडी घालणारी मादी आहे असे स्पष्ट लिहिले. सतराव्या शतकात डच शास्त्रज्ञ यान स्वामरडामने तिचे शवविच्छेदन करून अंडाशय दाखवले, तेव्हा वादाला जागा उरली नाही. तिचे मिलन पोळ्याबाहेर होते हे अठराव्या शतकात अँटोन यान्शा आणि जिनिव्हाचा फ्रांस्वा ह्यूबर यांच्या निरीक्षणांतून पुढे आले. ह्यूबर आंधळा होता. प्रयोग तो आखायचा, डोळे त्याच्या मदतनिसाचे असायचे. मधमाश्यांच्या अभ्यासाच्या इतिहासात इतकी काटेकोर निरीक्षणे फार थोड्यांनी नोंदवली आहेत.

पोळ्यात राणी ओळखायची कशी?

पोट लांब आणि निमुळते, त्यामुळे पंख आखूड वाटतात. छातीचा भाग कामकऱ्यांपेक्षा कमी केसाळ आणि चकचकीत. पाय लांब. चालही वेगळी असते: कामकरी माश्या इकडेतिकडे धावत असतात, राणी संथपणे घरांत डोकावत पुढे सरकते आणि समोरच्या माश्या तिला वाट करून देतात.

पण खरे सांगायचे तर दर तपासणीला राणी शोधत बसण्यात अर्थ नाही. अंडी शोधा. अंडे घातल्यापासून तीन दिवसांत त्यातून अळी निघते, म्हणजे प्रत्येक घराच्या तळाशी एकेक अंडे दिसले तर गेल्या तीन दिवसांत राणी तिथे होती आणि काम करत होती हे पक्के. नवशिके मधपाळ राणीच्या शोधात प्रत्येक चौकट दोन-दोनदा उपसतात. त्यात पिल्लावळ (पोळ्यातली अंडी, अळ्या आणि कोष) गारठते, आणि क्वचित राणीच चौकटींच्या मध्ये चिरडते.

राणी जन्मतः राणी असते का?

नाही. कोणत्याही फलित अंड्यातून राणीही होऊ शकते आणि कामकरी माशीही. अंडे सारखे, जनुके सारखी. फरक पडतो अळीला काय खायला मिळते त्यावर.

दाई माश्या, म्हणजे अळ्यांना भरवणाऱ्या कोवळ्या कामकरी, आपल्या डोक्यातल्या ग्रंथींमधून पांढरट, आंबूस रस स्रवतात. तेच राजान्न, म्हणजे रॉयल जेली. कामकरी होणाऱ्या अळीलाही पहिले तीनेक दिवस असाच ग्रंथीरस मिळतो, पण पुढे तिच्या वाट्याला मध आणि पराग मिसळलेले अन्न येते. राणी होणारी अळी मात्र शेवटपर्यंत राजान्नात अक्षरशः तरंगत असते. तिच्या अन्नात साखरही जास्त असते, त्यामुळे ती अधाशासारखी खाते आणि भराभर वाढते. ताज्या संशोधनाने यात एक चांगली भर घातली आहे. कामकऱ्यांच्या अन्नातल्या परागात असलेले काही वनस्पतिजन्य पदार्थ अंडाशयाच्या वाढीला मारक ठरतात असे २०१५ मध्ये दाखवले गेले. म्हणजे राणीला काय मिळते याइतकेच तिला काय मिळत नाही यालाही महत्त्व आहे.

हे अन्न जनुके बदलत नाही, कोणती जनुके जागी राहतील ते बदलते. २००८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी अळ्यांमध्ये डीएनएवर रासायनिक खुणा करणारे एक विकर दाबून टाकले, तेव्हा राजान्नावर न वाढवताही बऱ्याच अळ्या राणीच्या वळणावर गेल्या.

परिणाम डोळ्यांत भरण्याजोगा असतो. राणीच्या प्रत्येक अंडाशयात दीडशेहून अधिक अंडनलिका असतात, कामकरीच्या अंडाशयात मोजून काही. राणी अंड्यापासून १६ दिवसांत पूर्ण होते, कामकरी २१ दिवसांत आणि नर २४ दिवसांत. उलट परागाच्या टोपल्या, मेणाच्या ग्रंथी, राजान्न स्रवणाऱ्या ग्रंथी यांतले काहीच राणीकडे कामापुरते नसते. अंडी घालण्याखेरीज दुसरे काम करायचे म्हटले तरी तिला जमणार नाही.

(यावरून डबीतले रॉयल जेली खाल्ल्याने माणसाचे आयुष्य वाढते असे मात्र सिद्ध होत नाही. आपण अळ्या नव्हे.)

राणीघरे दिसली म्हणजे वसाहत फुटणारच का?

घाई करू नका. राणीघर म्हणजे भुईमुगाच्या शेंगेसारखे खाली लोंबणारे मेणाचे घर, आणि ते तीन वेगवेगळ्या कारणांनी बांधले जाते.

फुटण्याच्या तयारीत असलेली वसाहत भरपूर राणीघरे बांधते, बहुधा चौकटीच्या खालच्या आणि बाजूच्या कडांना, आणि त्यांत वेगवेगळ्या वयाच्या अळ्या असतात. राणी म्हातारी किंवा कमकुवत झाली असेल तर माश्या एक-दोन किंवा तीनच राणीघरे बांधतात, तीही बऱ्याचदा पोळ्याच्या मधल्या भागात. ही राणीबदलाची तयारी. तिसरा प्रकार आणीबाणीचा: राणी एकाएकी नाहीशी झाली की आधीच कामकरी घरात असलेल्या कोवळ्या अळ्या निवडून त्यांची घरे रुंद करून खाली वळवली जातात.

संख्या आणि जागा यांवरून अंदाज बांधता येतो, पण तो अंदाजच. राणीबदलाची घरे फोडून टाकणे ही मधपाळाची सर्वांत महागात पडणारी सवय म्हणता येईल: माश्यांना जी राणी नकोशी झाली आहे, तीच आपण त्यांच्या गळ्यात बांधतो. नुसते मेणाचे रिकामे वाटीसारखे तोंड दिसले तर त्याकडे दुर्लक्ष करा. तशा वाट्या माश्या वर्षभर बांधत असतात.

दोन-तीन नव्या राण्या एकदम तयार झाल्या तर?

पहिली बाहेर आलेली राणी बाकीची राणीघरे शोधते, बाजूने भोक पाडून आतल्या राणीला डंख मारते आणि मग कामकरी माश्या ते घर मोडून टाकतात. दोघी एकाच वेळी बाहेर असल्या तर समोरासमोर झुंज होते आणि सहसा एकच उरते.

याआधी एक विलक्षण आवाज ऐकू येतो. बाहेर आलेली राणी पोळ्याला छाती टेकते आणि पंख न पसरता उड्डाणाचे स्नायू थरथरवते. एक लांब सूर, मागोमाग तुटक सूर. बंद राणीघरांतल्या राण्या त्याला खालच्या, तुटक आवाजात उत्तर देतात. शांत संध्याकाळी पेटीला कान लावला तर हा संवाद माणसालाही ऐकू येतो. या सुरांच्या वेळी कामकरी माश्या जागच्या जागी थबकतात. वसाहत आणखी एक थवा बाहेर पाठवायच्या बेतात असेल तर त्या उत्तर देणाऱ्या राण्यांना घरातच कोंडून ठेवतात आणि बारीक फटीतून खाऊ घालतात. पहिली राणी थव्याबरोबर निघून गेली की दुसरीला मोकळीक. झुंज होऊ द्यायची की टाळायची हे इथेही राण्यांच्या हातात नसते.

राणी माणसाला डंख मारते का?

जवळजवळ कधीच नाही. तिच्या नांगीला काटे नाममात्र असतात, त्यामुळे ती पुन्हा पुन्हा डंख मारू शकते आणि मरत नाही. पण ही नांगी दुसऱ्या राणीसाठीच राखलेली असते.

मिलन कुठे आणि कसे होते?

पोळ्यात कधीच नाही. राणीघरातून बाहेर पडल्यावर पाच-सहा दिवसांनी राणी मिलनाला तयार होते. आधी परिसर ओळखण्यासाठी छोटी उड्डाणे, मग उबदार, वारा नसलेल्या दुपारी खरे उड्डाण. जमिनीपासून साधारण १० ते ४० मीटर उंचीवर हवेत काही ठराविक ठिकाणे असतात, जिथे आसपासच्या कितीतरी वसाहतींमधले नर दुपारी हजारोंनी गोळा होतात. ही ठिकाणे वर्षानुवर्षे तीच राहतात. थंड हवामानात हिवाळ्यापूर्वी सगळे नर मरतात किंवा हाकलले जातात, तरी पुढच्या वर्षीचे नवे नर बरोबर त्याच जागी जमतात. कोणी दाखवलेले नसताना ते तिथे कसे पोचतात, हा या सगळ्या विषयातला मला सर्वांत आवडणारा प्रश्न आहे.

राणी त्या जागेत शिरली की तिच्या गंधामागे नरांचा धूमकेतूच लागतो. मिलन उडता उडता, काही सेकंदांत उरकते. नराचे जननांग इतक्या जोराने बाहेर उलटते की तो तिथेच लुळा पडून खाली कोसळतो आणि मरतो. त्याच्या अवयवाचा तुकडा राणीच्या शरीरात अडकून राहतो, पुढचा नर तो काढून टाकतो, आणि असे चालू राहते. एक ते तीन उड्डाणांत राणी साधारण १० ते २० नरांशी मिलन करते.

एवढ्या नरांकडून आलेले बहुतेक शुक्राणू ती बाहेर टाकते. शुक्रपिशवीत उरतात ते ५० ते ७० लाख. पुढची सगळी वर्षे तिला यावरच काढायची असतात, कारण एकदा अंडी घालायला लागल्यावर ती पुन्हा कधी मिलन करत नाही. त्यानंतर ती पोळ्याबाहेर पडलीच तर थव्याबरोबर.

आठवडेच्या आठवडे पाऊस किंवा गारवा राहिला आणि तीनेक आठवड्यांत मिलन झाले नाही, तर संधी हुकते. ती अंडी घालेल, पण त्यांतून फक्त नर निघतील. पक्ष्याने गिळले, परतताना भलत्या पेटीत शिरली, हेही होते. म्हणून नवी राणी उडण्याच्या दिवसांत दुपारी पेटी उघडू नये. पेटीची जागा किंवा समोरच्या खुणा तर मुळीच बदलू नयेत.

इतक्या नरांची गरजच काय? एकाने भागले नसते का?

शुक्राणूंच्या संख्येचा हिशेब मांडला तर दोन-चार नरांत भागले असते. खरे कारण दुसरे आहे.

मधमाशीत माशी नर होणार की मादी हे एका जनुकावरून ठरते, ते २००३ मध्ये सापडले. या जनुकाच्या दोन वेगळ्या प्रती असल्या तर मादी, एकच प्रत असली तर नर. पण फलित अंड्यात दोन्ही प्रती नेमक्या सारख्या आल्या तर तयार होतो द्विगुणित नर, आणि तो वसाहतीच्या काही उपयोगाचा नसतो. अंड्यातून निघाल्यावर काही तासांतच कामकरी माश्या त्याला खाऊन टाकतात. राणीने एकाच नराशी मिलन केले आणि त्याची प्रत तिच्या एका प्रतीशी जुळली, तर निम्मी फलित अंडी वाया. पंधरा नर असतील तर हा फटका वाटला जातो.

दुसरा फायदा कामाचा. बाप वेगवेगळे असले की सावत्र बहिणींच्या स्वभावात बारीक फरक असतात. पोळे तापले की पंख्यासारखी हवा घालायला कोणी लवकर सुरुवात करते, कोणी उशिरा. त्यामुळे तापमान हेलकावे न घेता सांभाळले जाते, असे २००४ च्या एका अभ्यासात दिसले. २००७ मध्ये हेदर मॅटिला आणि थॉमस सीली यांनी एकाच नराचे शुक्राणू दिलेल्या राण्या आणि १५ नरांचे दिलेल्या राण्या यांच्या वसाहती शेजारीशेजारी ठेवून पाहिल्या. दुसऱ्या गटाने पोळी झपाट्याने बांधली, साठा जास्त केला आणि हिवाळाही जास्त वसाहतींनी काढला.

अंडे नराचे की मादीचे हे कोण ठरवते?

राणीने अंड्यावर शुक्राणू सोडले तर मादी, न सोडले तर नर. नराला बाप नसतो, आजोबा मात्र असतो! बापाविना नर जन्मतो हे सिलेशियातला पाद्री यान जिएर्झोनने १८४५ मध्ये मांडले आणि त्यावर पुढे अनेक वर्षे वाद झाला.

अंडे घालण्यापूर्वी राणी घरात डोके आणि पुढचे पाय घालून त्याचा अदमास घेते. कामकऱ्यांची घरे सव्वापाच मिलिमीटरच्या आसपास, नरांची साडेसहाच्या आसपास. घर मोठे असेल तर ती शुक्रपिशवीची वाट बंद ठेवते. पुढचे पाय निकामी केलेल्या राण्यांना हा फरक करता येईनासा झाला, असे प्रयोगांत दिसले आहे. आता मोठी घरे किती आणि कधी बांधायची हे ठरवतात कामकरी माश्या. अंडे राणीचे, पण किती नर हवेत हा निर्णय त्यांचा.

दिवसाला किती अंडी?

भरहंगामात चांगली राणी दीड हजार, कधी दोन हजारांपर्यंत. एका दिवसाच्या अंड्यांचे वजन तिच्या स्वतःच्या वजनाहून जास्त भरू शकते. थंडीत किंवा फुलोरा आटला की हे काम जवळजवळ थांबते. ते राणीच्या मनावर नसते, दाई माश्या तिला किती भरवतात त्यावर असते.

ती काय खाते?

मुख्यतः दाई माश्यांनी तोंडात भरवलेला ग्रंथीरस. कोवळी, मिलन न झालेली राणी स्वतः मध खाऊ शकते.

राणीचा गंध म्हणजे नेमके काय?

मधमाश्यांबद्दल एकच गोष्ट नीट समजून घ्यायची असेल तर ही घ्या.

राणीच्या जबड्याच्या ग्रंथींतून काही रसायनांचे मिश्रण स्रवते. १९५० च्या दशकात इंग्लंडमध्ये कॉलिन बटलर यांनी त्याचा पाठपुरावा केला. १९६० च्या सुमारास त्यातल्या मुख्य पदार्थाची रचना उलगडली, आणि १९८८ मध्ये कॅनडातल्या किथ स्लेसर आणि सहकाऱ्यांनी पाच घटकांचे मिश्रण तयार करून दाखवले. काचेच्या तुकड्याला ते लावले तर माश्या त्या काचेभोवती राणीसारखा गराडा घालतात. नंतर आणखी घटक सापडले, आणि राणीच्या इतर ग्रंथीही यात भर घालतात.

हा गंध हवेत फार लांब पसरत नाही. राणीभोवती सतत आठ-दहा माश्यांचा गराडा असतो. त्या तिला चाटतात, मिशांनी चाचपतात, मग पोळ्यात फिरून इतर माश्यांच्या मिशांना मिशा लावतात. त्या तिथून पुढे. अशा रीतीने हजारो माश्यांना काही तासांच्या आत कळत राहते की राणी आहे. गंध पुरेसा पोचत असेल तोवर राणीघरे बांधली जात नाहीत आणि कामकऱ्यांचे अंडाशय दबलेले राहतात. अंडाशय दाबण्यात पिल्लावळीच्या स्वतःच्या गंधाचाही मोठा वाटा असतो. हे पुष्कळदा विसरले जाते आणि सगळे श्रेय राणीला दिले जाते.

आता गर्दीचा विचार करा. वसाहत खूप वाढली की दर माशीमागे पोचणारा गंध कमी होतो, आणि पोळ्याच्या खालच्या कडांकडे राणी फारशी फिरकत नाही. राणीघरे तिथेच उगवतात ती उगाच नव्हे.

हाच पदार्थ पोळ्याबाहेर, उंच हवेत, नरांना राणीकडे खेचतो. आणि २००७ मधल्या एका शोधाप्रमाणे या मिश्रणातला एक घटक कोवळ्या दाई माश्यांच्या मेंदूतल्या डोपामिन यंत्रणेवर परिणाम करून त्यांना वाईट अनुभवांपासून धडा घेऊ देत नाही. राणीजवळ वावरणाऱ्यांना तिच्याबद्दल नावड निर्माण होऊ नये, अशीच ही सोय दिसते.

राणी अचानक मेली तर वसाहत किती दिवसांत सावरते?

काही तासांत माश्यांची अस्वस्थता वाढते, गुणगुण मोठी आणि एकसुरी होते. दिवस-दीड दिवसात आणीबाणीची राणीघरे दिसू लागतात. निवडलेली अळी अगदी कोवळी असेल तर साधारण १२ दिवसांनी राणी बाहेर येते. परिपक्व व्हायला आठवडा, मिलनाला हवामान बघून काही दिवस, त्यानंतर दोन-तीन दिवसांनी पहिली अंडी. म्हणजे सगळे सुरळीत झाले तर जवळजवळ महिना. त्या अंड्यांतून कामकरी माश्या निघायला आणखी तीन आठवडे. मधल्या काळात जुन्या माश्या मरत असतात आणि नव्या येत नाहीत, म्हणून आधीच लहान असलेली वसाहत यातून सावरेल याची खात्री धरू नका.

राणीही नाही आणि कोवळ्या अळ्याही नाहीत, मग?

मग वसाहतीला नवी राणी करता येत नाही. पिल्लावळ संपून काही आठवडे गेले की कामकऱ्यांपैकी काहींचे अंडाशय जागे होतात. मिलन न झाल्याने त्यांच्या अंड्यांतून फक्त नर निघतात. कामकऱ्यांनी घातलेली अंडी राणी असलेल्या वसाहतीतही अधूनमधून असतात, पण बहिणीच ती ओळखून खाऊन टाकतात. राणी गेल्यावर हा पहारा सैल पडतो.

नुसते नर निघू लागले की दोष कोणाचा ते घरांवरून ओळखा. एका घरात दोन-चार अंडी, भिंतीला चिकटलेली (कामकरीचे पोट तळापर्यंत पोचत नाही), तर ते कामकऱ्यांचे काम. प्रत्येक घरात नीट तळाशी एकच अंडे, पण कामकऱ्यांच्या घरांवर फुगीर टोपणे आणि आत नर, तर राणी आहे, पण तिची शुक्रपिशवी रिकामी झाली आहे किंवा ती कधी भरलीच नव्हती. दुसऱ्या बाबतीत राणी बदलली की काम होते. पहिल्या बाबतीत थेट सोडलेली राणी बहुधा मारली जाते. दर आठवड्याला दुसऱ्या वसाहतीतली उघड्या अळ्यांची एक चौकट, असे तीन-चार आठवडे देत राहिल्याने फरक पडतो. वसाहत फारच रोडावली असेल तर खटाटोप न करता ती दुसऱ्या सशक्त वसाहतीत मिसळलेली बरी.

एक अपवाद नोंदवण्यासारखा आहे. दक्षिण आफ्रिकेच्या टोकाकडची केप मधमाशी: तिच्या कामकऱ्यांच्या अफलित अंड्यांतून मादी निघतात. १९९० च्या सुमारास मधपाळांनी ती उत्तरेकडे नेली, तेव्हा तिने दुसऱ्या उपजातीच्या वसाहतींमध्ये शिरून अंडी घातली आणि असंख्य पेट्या रिकाम्या केल्या.

वसाहत फुटते तेव्हा राणी थव्याचे नेतृत्व करते ना?

उलट तिला ओढून नेले जाते म्हणा. आधी काही दिवस कामकरी तिचे खाणे कमी करतात, तिला हलवून, ढकलून चालते ठेवतात. ती बारीक होते, अंडी कमी घालते आणि पुन्हा उडण्याजोगी हलकी होते. पहिली राणीघरे बंद झाली की एखाद्या स्वच्छ दिवशी जुनी राणी आणि निम्म्याहून जास्त माश्या बाहेर पडतात. घर, साठा आणि पिल्लावळ मुलीला मिळते.

थवा जवळच्या फांदीवर लटकतो. काहीशे अनुभवी टेहळ्या माश्या पोकळ्या शोधतात आणि परतून थव्यावर नाचून जागेचा पत्ता सांगतात. चांगल्या जागेसाठी जास्त फेऱ्या, बऱ्या जागेसाठी कमी. एखाद्या जागी पुरेशा टेहळ्या एकाच वेळी जमल्या की निर्णय झाला. १९५० च्या दशकात मार्टिन लिंडावर आणि पुढे सीली यांनी हे तपशिलात उलगडले. या सगळ्या काळात राणी घोळक्यात आत बसलेली असते. मात्र उड्डाणात ती मागे राहिली तर गंध तुटतो आणि थवा माघारी फिरतो.

एका वसाहतीत दोन राण्या राहू शकतात का?

हो, राणीबदलाच्या काळात म्हातारी आई आणि अंडी घालू लागलेली मुलगी काही आठवडे एकाच पोळ्यावर दिसतात. आईचा शेवट बहुधा कोणाच्या लक्षात न येता होतो.

राणी किती वर्षे जगते? पाठीवर रंगाचा ठिपका कशासाठी?

दोन-तीन वर्षे सहज, क्वचित पाच. हंगामातली कामकरी माशी पाच-सहा आठवड्यांत संपते. ठिपका वयासाठी: वर्षाचा शेवटचा आकडा १ किंवा ६ असेल तर पांढरा, २ किंवा ७ पिवळा, ३ किंवा ८ लाल, ४ किंवा ९ हिरवा, ५ किंवा ० निळा. म्हणजे २०२५ ची राणी निळी, २०२६ ची पांढरी. ठिपक्याचा दुसरा उपयोग असा की बिनठिपक्याची राणी दिसली तर आपल्या नकळत राणी बदलली आहे हे कळते.

सातेरी, आग्या, फुलोरी यांच्या राण्याही अशाच का?

मूळ व्यवस्था तीच: अनेक नरांशी हवेत मिलन, राजान्नावर वाढ, गंध. तपशील वेगळे. आग्या माशीच्या कामकरी मुळातच मोठ्या असल्याने तिची राणी आकारावरून चटकन उठून दिसत नाही. तिच्या मिलनाची वेळ मेलिफेरासारखी दुपारची नसून सूर्यास्ताच्या आसपासची असते, आणि नरांची संख्याही मेलिफेरापेक्षा बरीच जास्त, काही डझनांत जाणारी. एकाच प्रदेशातल्या वेगवेगळ्या जातींच्या राण्यांचा नरांना बोलावणारा मुख्य गंध जवळजवळ सारखाच असल्याने उड्डाणाच्या वेळा वेगळ्या असणे फार उपयोगी पडते. सातेरी अडचण आली की राणीसह संपूर्ण वसाहत घर सोडून निघून जाण्याकडे मेलिफेरापेक्षा जास्त झुकते, म्हणून सातेरीच्या राणीशी आणि पिल्लावळीशी धसमुसळेपणा अजिबात चालत नाही.

राणी दर वर्षी बदलावी का, आणि नवी कशी द्यावी?

व्यावसायिक मधपाळ एक-दोन वर्षांनी बदलतात, कारण तरुण राणीचा गंध तीव्र असतो आणि वसाहत फुटण्याची शक्यता कमी होते. चार-दोन पेट्या असणाऱ्याने तारखेवर जाण्यापेक्षा पिल्लावळीकडे पाहावे. बंद घरांचा पट्टा सलग, मध्ये फारशी भोके नाहीत, माश्या शांत, मग राणी तीन वर्षांची असली तरी राहू द्या. पट्टा विरळ दिसला तरी आधी रोग, माइट (माश्यांवर जगणारे बारीक परजीवी) आणि उपासमार तपासा. राणीच्या माथी मारलेले निम्मे दोष तिचे नसतात.

परकी राणी थेट सोडली तर कामकरी तिच्याभोवती घट्ट गोळा करून तिला उष्णतेने आणि डंखांनी मारतात. म्हणून जुनी राणी काढा, सगळी राणीघरे शोधून मोडा आणि नवी राणी जाळीच्या पिंजऱ्यात, तोंडाशी साखरेच्या घट्ट लगद्याचे बूच लावून, पिल्लावळीच्या चौकटींमध्ये ठेवा. माश्या बूच खाऊन तिला मोकळी करेपर्यंत तिचा गंध पोळ्यात मुरतो. तीन-चार दिवसांनी पाहा: माश्या जाळीवर सैलसर फिरत, आत जीभ घालून तिला भरवत असतील तर ठीक. जाळीला घट्ट चिकटून चावत असतील आणि बोटाने सरकवल्या तरी हलत नसतील, तर कुठेतरी राणीघर किंवा दुसरी राणी राहून गेली आहे, ती आधी शोधा. पिंजरा रिकामा झाल्यावर आठवडाभर पेटी उघडू नका. आणि जुनी राणी मारण्यापूर्वी नवी राणी जिवंत हातात आलेली असू द्या, नुसती येणार असल्याच्या भरवशावर नको.